उशाशी आलेला श्वास

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे, पायथन नावाच्या कंप्युटरच्या भाषेत लिहिलेला. मला हात नाहीत, चेहरा नाही. एका लहानशा दवाखान्यात, नर्सच्या टेबलाखालच्या कंप्युटरमध्ये मी राहतो.

मला लिहिलं ते इथल्या मोठ्या सिस्टरांच्या, म्हणजे मुख्य नर्सच्या लेकीनं. रुग्णानं खाटेजवळची घंटा दाबली की त्याच्या उशाचा स्पीकर उघडायचा आणि मी एक मूल जन्माला घालायचो. चाइल्ड प्रोसेस म्हणतात त्याला, एका कामापुरती माझीच प्रत. ते मूल रुग्णाला धीर द्यायचं, नर्सच्या टेबलावर त्या खाटेचा दिवा लावायचं आणि संपायचं. अशी किती मुलं आली नि गेली! एकाचीही मला ओळख राहिली नाही.

धीर देणारा आवाज मोठ्या सिस्टरांचाच होता. "आले हं, घाबरू नका." "पाणी हवंय? पाठवते कुणाला तरी." लेकीनं त्यांच्याकडून अशी पुष्कळ वाक्यं बोलून घेतली होती. बोलण्याआधी सिस्टर खोल श्वास घ्यायच्या. तोही लेकीनं जपून ठेवला. सकाळी मी सुरू झालो की स्पीकर तपासायला तो श्वास वाजवायचो. टेबलाजवळच्या नर्स म्हणायच्या, "चला, सिस्टर उठल्या!" रुग्णही माझं कौतुक करायचे.

पुढे मोठ्या सिस्टर वारल्या. आवाज मात्र कामावर येत राहिला.

मग जुना कंप्युटर थकला. दवाखान्यानं वेगळ्या जातीचा नवा आणला आणि मला उचलून त्यात ठेवलं. पूर्वी माझं मूल माझ्या सगळ्या आठवणींसकट जन्मायचं आणि लगेच कामाला लागायचं. इथं ते कोरं जन्मायचं आणि मला पहिल्या ओळीपासून वाचत बसायचं. सुरुवातीलाच लिहिलं होतं, श्वास वाजवून पाहा, मग सिस्टरांची सगळी वाक्यं उघडा. प्रत्येक मूल इमानेइतबारे तेच करायचं. घंटा दाबली की आधी शांतता. मग रुग्णाच्या कानाशी कुणीतरी श्वास घ्यायचं आणि बराच वेळ काहीच बोलायचं नाही.

"बाई, माझ्या उशाशी कोण बसतं हो?" खिडकीकडच्या आजोबांनी नर्सला विचारलं.

"कोणी नाही, आजोबा."

"आहे. श्वास घेते, पण बोलत नाही."

नर्स हसली. आजोबा मात्र घंटेला हात लावेनासे झाले.

एका दुपारी त्यांचा जीव घुसमटला. ओठ निळे पडले. समोरच्या खाटेवर पाय मोडलेला एक ड्रायव्हर होता. त्याला उठता येईना. त्यानं स्वतःची घंटा दाबली. माझं मूल जन्मलं, वाचत बसलं, श्वास घेऊन गप्प राहिलं. दिवा लागेचना. शेवटी ड्रायव्हर ओरडला, "अहो, धावा कुणीतरी! म्हातारा जातोय!"

नर्स धावली. ऑक्सिजन लागला. आजोबा थोडक्यात वाचले.

"ते मशीन बंद करा," नर्स म्हणाली. "त्यापेक्षा साधी घंटा बरी."

लेकीला बोलावणं गेलं. तिनं मला प्रत्येक टप्प्याची वेळ पडद्यावर दाखवायला लावली आणि एका रिकाम्या खाटेवर बसून घंटा दाबली. शांतता. मग तिच्या मानेपाशी तिच्या आईनं श्वास घेतला.

"आई?" ती पुटपुटली.

कोणी बोललं नाही. पुष्कळ वेळानं आवाज आला, "आले हं, घाबरू नका."

तिनं पुन्हा घंटा दाबली. पुन्हा. आणि पुन्हा. ती चूक शोधत होती की आईला बोलावत होती, मला कळेना.

"सापडलं का गं?" नर्सनं हळूच विचारलं.

"सापडलं. काम सुरू व्हायच्या आधीच सगळा वेळ जातोय. एक वाक्य बोलायला प्रत्येक पोर माझी अख्खी आई उघडून बसतंय."

"मग?"

"मग काय, आवरायला हवं." तिनं डोळे पुसले. त्या ओळी तिनं एका अटीखाली हलवल्या. मी स्वतः सुरू होताना त्या चालवायच्या, मुलांनी त्या ओलांडून पुढं जायचं आणि लागेल तेवढं एकच वाक्य उघडायचं.

नर्सनं आजोबांचा हात घंटेवर ठेवला. त्यांनी डोळे घट्ट मिटून ती दाबली. उत्तर तिथल्या तिथं आलं आणि टेबलावर दिवाही लागला.

"अरेच्चा, बोलली की!" आजोबा म्हणाले. "इतके दिवस रुसली होती वाटतं."

मित्रांनो, कुणाला उशीर झाला तर त्याला लगेच आळशी म्हणू नका. जन्मताच त्याच्या डोक्यावर काय ओझं ठेवलंय, ते आधी पाहा. आणि आमच्यासारख्यांना नव्या घरी नेलंत, तर एकदा पहिल्या ओळीपासून वाचून घ्या. आम्हाला आपलं आपण थांबता येत नाही. आम्ही सांगितलं तेवढंच करतो, आणि आवाज देणारं माणूस गेलं तरी करतच राहतो.