दुपारी दीडची तक्रार

आजोबांनी ठमाबाईंना डाव्या खांद्यावर नीट घेतलं, डुलत्या खुर्चीत टेकले आणि थोपटायला लागले. घड्याळात दीड वाजला होता. साठ-सत्तर थापा होतात न होतात तोच ती सुरू झाली. आधी गळ्यापाशी, मग कानात, मग छातीभर नुसती धडधड.

"आली का," ते पुटपुटले.

ठमाबाई सात महिन्यांच्या होत्या. त्यांनी आजोबांच्या सदऱ्याची कॉलर तोंडात घातली, दोनदा कुरकुर केली आणि मान टाकली. त्यांच्या गालाखाली, आजोबांच्या कातडीच्या आत, काडेपेटीहून लहान असं एक यंत्र होतं. गेल्या वर्षी आजोबा जिन्यात चक्कर येऊन पडले, तेव्हा हृदय फार सावकाश चालतंय असं निघालं आणि पेसमेकर बसला. त्यानंतर गडी ठणठणीत होता. ही दुपारची धडधड तेवढी दोन महिन्यांची, म्हणजे लेक पुन्हा ऑफिसला जायला लागली तेव्हापासूनची.

आता आजोबा म्हणजे काही कच्चा माणूस नव्हे. चाळीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. मधूनच येणारा आवाज कसा पकडायचा हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. कधी येतो, कुठे येतो, आत किती माणसं असताना येतो, एवढं कळलं की अर्धं काम झालं. त्याच हिशेबाने त्यांनी स्वतःला तपासलं. ठमाबाई पाळण्यात असताना खुर्चीत गप्प बसून पाहिलं, काही नाही. वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, काही नाही. ठमाबाईंना उचलून थोपटायला घेतलं की दोन मिनिटांत धडधड. म्हणजे दुसरं काय असणार? ओव्हरलोड. साडेसात किलोंची पोर या हृदयाला पेलत नव्हती.

हे त्यांनी कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की पुढे काय होणार, ते त्यांना लख्ख दिसत होतं. लेकीच्या तोंडचं पाणी पळणार, दुसऱ्या दिवशी ठमाबाई पाळणाघरात जाणार आणि आजोबांच्या हाती वर्तमानपत्र उरणार. आजी जाऊन सहा वर्षं झाली होती. जावई कामानिमित्त बाहेरगावी. खांद्यावरची ही पाऊण तासाची झोप म्हणजे आजोबांच्या दिवसातला सगळा आनंद होता, आणि तो हातचा घालवायची त्यांची मुळीच तयारी नव्हती.

गंमत अशी, की याच गोष्टीवरून ते जन्मभर लोकांवर डाफरत आले होते. प्रत्येक लिफ्टशेजारी ते सुतळीने एक वही टांगत. तीन रकाने: तारीख, तक्रार, उपाय. वर स्वतःच्या ठसठशीत अक्षरात लिहीत, 'आवाज आला की लिहा. लपवू नका.' पण लोक हमखास लपवत. लिहिलं तर लिफ्ट बंद ठेवतील आणि जिने चढावे लागतील, म्हणून आठ-आठ दिवस ती करकर ऐकत वर-खाली करत, आणि मग एक दिवस दोन मजल्यांच्या मध्ये लटकत. "तुम्हाला अडकायची हौसच आहे," असं आजोबा त्यांना तोंडावर सुनावत. आता ते स्वतःच करकर ऐकत वर-खाली करत होते.

"चाललात का आज?" लेक रोज संध्याकाळी चपला काढता काढता विचारी. डॉक्टरांनी अर्धा तास चालायला सांगितलं होतं.

"चाललो की," आजोबा म्हणत.

चालतात कुठले. धडधडीच्या धास्तीने ते कोपऱ्यावरच्या दुकानापुढे पाऊल टाकत नसत.

पेसमेकरच्या दर सहा महिन्यांच्या तपासणीची तारीख आली. लेकीने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि ठमाबाईंसकट तिघं दवाखान्यात पोचले. टेक्निशियन बाईंनी आजोबांच्या छातीला तारा चिकटवल्या आणि पडद्याकडे पाहत एकेक प्रश्न विचारायला घेतला.

"बॅटरी छान आहे. चक्कर? धाप?"

"छे."

"धडधड वगैरे?"

आजोबा सदऱ्याचं बटण चाचपू लागले. "तशी काही नाही."

बाईंनी पडद्यावरची एक रेघ पुढे सरकवली आणि त्यांचा चेहरा खुलला. "चालणं मात्र अगदी नेमाने चालू आहे हं तुमचं. रोज दुपारी दीडला निघता, सव्वादोनला परत. ठोके एकशेदहापर्यंत. रविवारी सुट्टी. इतके शिस्तीचे आजोबा मी पाहिले नाहीत."

आजोबा आयतेच सुटले होते. नुसती मान हलवायची, सदरा घालायचा आणि घरी जायचं. एवढंच करायचं होतं.

"दुपारी?" लेक म्हणाली. मांडीवरच्या ठमाबाईंना तिने जवळ ओढलं. "दुपारी तर ही तुमच्यापाशी असते, बाबा. तुम्ही चालायला जाता तेव्हा ही कुठे असते?"

तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो चेहरा आजोबांच्या ओळखीचा होता. अडकलेल्या लिफ्टचं दार उघडलं की आतली माणसं अशीच बघायची.

"कुठे जात नाही ग मी," ते अखेर म्हणाले. "हिला टाकून जाईन का? चालायचं सगळं खोटं सांगितलं तुला. घरातच असतो. हिला खांद्यावर घेऊन बसतो, तेव्हा धडधडतं. दोन महिने झाले. वजन झेपत नाही मला हिचं." ते थांबले. "पण मला हिला सोडायचं नाही."

टेक्निशियन बाई खुर्ची ओढून पुढे सरकल्या.

"बसलेले असता? चालत नसता?" त्यांनी कपाटातून फायलींचा जाडजूड गठ्ठा काढून आजोबांच्या मांडीवर ठेवला. "आठ किलोंना मरण नाही याला. उचला आणि छातीशी धरून बसा."

आजोबा धरून बसले. दोन मिनिटं गेली, तीन गेली. पडद्यावरचा आकडा सत्तरवरून हलला नाही.

"आता हिला घ्या. घरी झोपवता तशीच झोपवा."

आजोबांनी ठमाबाईंना डाव्या खांद्यावर घेतलं, थोपटायला लागले आणि सवयीने पुढे-मागे डुलायला लागले. सत्तर. अठ्ठ्याऐंशी. एकशेचार.

बाई हसल्या. "हालचाल ओळखून ठोके वाढवायची सोय असते यात, म्हणजे चालताना दम लागू नये. तुम्ही नेमकं यंत्रावर थोपटता आणि वर डुलता. त्याला बिचाऱ्याला वाटतं, आजोबा निघाले फिरायला. वजनाचा काहीएक संबंध नाही. डॉक्टरांना विचारून मी ते जरा कमी करून देते. तुम्ही हिला उजव्या खांद्यावर घ्या आणि चालायला जा, खरोखरचं." मग त्यांचा सूर बदलला. "पण दोन महिने गप्प बसलात, आजोबा? असं काही वाटलं की पुढच्या तारखेपर्यंत थांबायचं नसतं. त्याच दिवशी फोन करायचा. दर वेळी कारण इतकं साधं निघेलच असं नाही."

"चुकलं," आजोबा म्हणाले.

परतीच्या बसमध्ये आजोबांनी दोनदा लेकीकडे पाहिलं आणि दोन्ही वेळा खिडकीबाहेर पाहिलं.

"रागावलीस?"

"मला का नाही सांगितलंत?"

"तू हिला पाळणाघरात घातलं असतंस."

"घातलं असतं," लेक म्हणाली, आणि ठमाबाईंचं टोपडं नीट करू लागली.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसला गेल्यावर आजोबा दाराला कडी घालायला आले, तर चपलांच्या मांडणीवरच्या खिळ्याला एक वही लटकत होती. माळ्यावरच्या त्यांच्याच पेटीतली, सुतळी बांधलेली. वर त्यांचंच अक्षर: 'आवाज आला की लिहा. लपवू नका.' आजोबांना हसू आलं. आपलीच वही आपल्याच गळ्यात बांधून गेली पोरगी, बरोबर केलंन्, असं म्हणत त्यांनी ती उघडली.

पहिलं पान कोरं नव्हतं. तारखेच्या रकान्यात आजची तारीख होती, आणि तक्रारीच्या रकान्यात लेकीचं बारीक, घाईघाईचं अक्षर.

'ऑफिसात दुपारी दीड वाजता रडू येतं. ही झोपायची वेळ. बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन येते. रोज. रविवार सोडून. दोन महिने झाले. कुणाला सांगितलं नाही.'

उपायाचा रकाना मोकळा होता.

आजोबांनी ते दोनदा वाचलं. मग तिथेच स्टुलावर बसले. रोज संध्याकाळी 'चाललात का' असं ती विचारायची. आपण तिला एकदाही काही विचारलं नाही, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं, आणि फार वाईट वाटलं.

दीडला पाच कमी असताना त्यांनी ठमाबाईंना उजव्या खांद्यावर घेतलं. ठमाबाईंना ही नवी जागा पसंत पडली नाही. त्यांनी मान वर करून इकडेतिकडे पाहिलं आणि सूर धरला. आजोबांनी डाव्या हाताने फोन लावला.

"बाबा?" लेकीचा आवाज ओला होता. "काय झालं? धडधडतंय का?"

"मला काही झालं नाही. हिला झोप येईना. तू जरा थोपट."

"इथून कशी थोपटू?"

"तू बोल काहीतरी. थोपटायचं मी बघतो."

पलीकडे कुणीतरी नाक ओढलं, आणि लेक अगदी हळू, ठमाबाईंशी बोलतात त्या बोबड्या भाषेत बोलू लागली. आजोबांनी फोन त्या इवल्याशा कानाशी धरला.

पंधरा मिनिटांनी फोन ठेवून, झोपलेल्या नातीला खांद्यावरून न उतरवता, आजोबा वहीपाशी गेले. डाव्या हाताने लिहायची सवय नव्हती, त्यामुळे अक्षर पार वेडंवाकडं आलं.

उपाय: 'फोन. रोज दीड वाजता. रविवार सोडून.'