गोपीचंदबाबूंचा कीबोर्ड

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. साकोलीपासून थोडं आत, पिकलेल्या धानाच्या बांध्यांमध्ये एक कॉलेज आहे. दिवाळीची सुट्टी आहे, त्यामुळे वर्गांना कुलपं आहेत. जिन्याखाली एक लहान खोली आहे. दारावर 'संगणक सहाय्य कक्ष' अशी पाटी आहे. आत एक टेबल, एक पंखा, दोन खुर्च्या आणि भिंतीला टेकवलेले दहा-बारा बिघडलेले कीबोर्ड. दिसली खोली? आता नाकही दाबून धरा. पुढे लागेल.

त्या खोलीत इश्वर बसला होता. कॉलेजातला कुठलाही कॉम्प्युटर बंद पडला की लोक त्यालाच बोलवायचे. आज त्याच्यासोबत त्याची मुलगी डिंपल होती. ती चौथीत होती. शाळेला सुट्टी आणि आई धान कापायला गेलेली, म्हणून तो तिला गाडीवर बसवून घेऊन आला होता.

सकाळपासून एकही फोन वाजला नव्हता. डिंपल फिरत्या खुर्चीवर गोल गोल फिरून कंटाळली.

"पप्पा, तुमाले नुसतं बसाचाच पगार भेटते का?"

"आज भेटून राहिला," इश्वर हसून म्हणाला. "रोज नाही भेटत."

वेळ जावा म्हणून त्याने भिंतीजवळचा एक कीबोर्ड उचलला आणि कागदावर उलटा आपटला. पोह्याचे वाळलेले दाणे, केस, कापलेली नखं आणि एक मेलेलं झुरळ खाली पडलं.

"छी!" डिंपल खुर्चीसकट मागे सरकली. "नखं कोन टाकते इथं?"

"शिकलेले लोकं टाकतात," इश्वर म्हणाला.

इश्वर काही नाजूक घरातला नव्हता. त्याचे वडील तलावात जाळं टाकायचे. मासोळ्या साफ करता करताच तो मोठा झाला होता. गाळ, शेवाळ, माशांची आतडी, कशाचीच त्याला कधी किळस आली नव्हती. पण लोक ज्या वस्तूवर रोज काम करतात तिच्यातच घाण करतात, हे पाहून मात्र त्याला किळस यायची. पाच वर्षं झाली तरी सवय होत नव्हती.

साडेबाराला फोन वाजला. वरच्या मजल्यावरून गोपीचंदबाबू बोलत होते. ते कॉलेजचे मोठे बाबू, म्हणजे मुख्य कारकून. सगळे कागद त्यांच्याच हातून जायचे.

"इश्वर, ये ना बे लवकर. कीबोर्ड चालूनच नाही राहिला. तुमच्या कंत्राटवाल्यांचीच मुदतवाढीची यादी टाइप कराची हाये. चार वाजता साहेबांकडे गेली पाह्यजे."

इश्वरचं कंत्राट त्याच महिन्यात संपत होतं. यादीत नाव आलं तर आणखी एक वर्ष नोकरी, नाही आलं तर घरी. त्याने स्क्रू काढायचा पेचकस आणि ब्रश उचलला. डिंपल पाण्याची बाटली गळ्यात अडकवून मागोमाग निघाली.

वर दार उघडताच तंबाखू आणि चुन्याचा उग्र वास आला. कोपऱ्यातली भिंत थुंकून थुंकून माणसाच्या कमरेइतक्या उंचीपर्यंत लाल झाली होती. गोपीचंदबाबू गाल फुगवून खुर्चीत बसले होते. हातातल्या प्लॅस्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घालून त्यांचा पुढचा खर्रा घोटणं चाललं होतं.

"पोरगी व्हय का तुही? काय नाव, बेटा?"

बोलताना तोंडातून तांबडा शिंतोडा उडाला आणि टेबलावरच्या फायलीवर पडला. त्यांनी तो मनगटाने पुसला. डिंपलने नाव सांगितलं आणि एक पाऊल मागे गेली.

इश्वरने कीबोर्ड उचलला. तो हाताला चिकटला. बटणांच्या फटींत काळपट लगदा बसला होता. स्क्रू काढून झाकण उघडलं, तर आत सुपारीचे तुकडे थुंकीत कालवून वाळले होते आणि त्यात मुंग्या वळवळत होत्या. आंबूस वास थेट घशात गेला. ब्रशने काही निघेना, म्हणून त्याला नखांनी खरवडावं लागलं. दोन्ही हातांची बोटं तांबडी, चिकट झाली. त्याला उमासा आला. तोंड वळवून त्याने तो कसाबसा गिळला.

"पप्पा, हे रक्त व्हय?" डिंपलने हळूच विचारलं.

"नाही, बेटा. खर्रा व्हय."

"मशीन पन खर्रा खाते?"

गोपीचंदबाबू हसले आणि पुन्हा शिंतोडे उडाले. "मोठी हुशार हाये रे पोरगी!"

आतली पट्टी कुजून गेली होती. कीबोर्ड मेला होता. नवा द्यायचा तर गोपीचंदबाबूंच्या टेबलावरच्या वहीत नोंद करावी लागते: कुणाचं यंत्र, कधी बिघडलं, कशाने बिघडलं. गोपीचंदबाबूंचा या वर्षातला हा तिसरा कीबोर्ड. घाणीने बिघडला असं लिहिलं असतं तर बाबूंना प्राचार्यांपुढे उभं राहावं लागलं असतं. म्हणून मागच्या दोन्ही वेळा इश्वरने कारणाच्या जागी लिहिलं होतं, 'व्होल्टेज कमी-जास्त'.

"तेच लिही," गोपीचंदबाबूंनी वही पुढे सरकवली. "इकडं लाइनीचा भरवसा कुठं हाये? अन् लवकर कर बाबा. घाईघाईत यादी टाइप केली का एखादं नाव राहून जाते. मानूस हाये मी पन."

हे शेवटचं वाक्य त्यांनी अगदी प्रेमाने म्हटलं.

इश्वरने आपल्या बोटांकडे पाहिलं. दुसऱ्याची थुंकी नखांत भरली होती. ती धुऊन जाईल. पण व्होल्टेज हा शब्द आठवला तेव्हा तोंडात जी कडू चव आली, ती त्या लगद्याच्या वासाहून वाईट होती.

"माह्ये हात खराब हायेत," तो म्हणाला. "वहीले डाग पडतीन."

"मंग पोरगी लिहीन! ये बेटा, तुहं अक्षर पाहू." गोपीचंदबाबूंनी डिंपलच्या हातात पेन दिला. "लिही, व्होल्टेज कमी-जास्त."

डिंपल वहीवर वाकली. पेन टेकवला आणि थांबली.

"पप्पा, व्होल्टेज म्हनजे?"

"करंटचा जोर," इश्वर म्हणाला.

"मंग करंटनं थुकलं का आत?"

गोपीचंदबाबूंचं खर्रा घोटणं थांबलं. ते इश्वरकडे पाहू लागले आणि डिंपलही पाहू लागली. यादी अजून टाइप व्हायची होती. बायकोचं धानकापणीचं काम आणखी आठच दिवस होतं, त्यानंतर तेही नव्हतं. इश्वरला हे सगळं ठाऊक होतं.

"तुले जे दिसलं ते लिही, बेटा," तो म्हणाला.

डिंपलने शाळेत लिहितात तसं ठळक, गोल अक्षरात लिहिलं, 'कीबोर्डात खर्रा थुकला होता.'

"ए पोरी!" गोपीचंदबाबू अर्धवट उठले. "इश्वर, सही करशीन तर विचार करून कर. सांगून राहिलो."

इश्वरने सहीसाठी पेन मागायला हात पुढे केला.

डिंपलने पेन पाठीमागे लपवला. "थांबा पप्पा," ती म्हणाली. मग गळ्यातली बाटली काढली, कोपऱ्यातली कचऱ्याची बादली पायाने ओढत आणली, आणि बापाची दहाही बोटं एकेक करून चोळत धुतली. आपल्या फ्रॉकच्या घेराने ती नीट पुसली. आणि मगच पेन त्याच्या हातात दिला.