दोन हातांनी पडलेले जायफळ

मित्रांनो, किसणीवर झिजून झिजून निम्मे उरलेले मी एक जुने जायफळ आहे. माझा जन्म कोकणातल्या एका बागेत, नारळींच्या सावलीत झाला. आमच्यात नर झाड वेगळे, मादी वेगळी. आणि कोणते कोण, हे फुले येईपर्यंत खुद्द मालकालाही कळत नाही. बिचारा वर्षानुवर्षे पाणी घालतो आणि वाट बघतो! माझी आई फळणारी निघाली, म्हणून मी तुमच्यापुढे आहे. आमचे पिवळे फळ पिकून तडकले की आत लालभडक जाळी दिसते. ती जायपत्री, म्हणजे माझे झबले. तिच्या आत टणक कवच आणि कवचात मी.

मालाडच्या कर्णिकांकडे आल्यावर माझा भाव वधारला. डोके दुखले की सहाणेवर उगाळून माझा लेप, पोट बिघडले की मीच. बाळगुटीत मात्र माझा जेमतेम एक वेढा, कारण माझ्या अंगात झोप आहे. घरातली कुंदाआत्या तर महत्त्वाच्या कामाला निघताना मला पदराच्या गाठीत बांधून न्यायची. त्याने काम फत्ते होते म्हणे! मला मोठी ऐट वाटे.

१९५५ सालची गोष्ट. घरची मुलगी मृणालिनी बोरीवलीच्या शाळेत शिकवत होती. तिला पाहायला जोगेश्वरीचा विद्याधर आईवडिलांसह रविवारी जेवायलाच येणार होता. लग्नानंतर शाळा सोडावी लागेल का, एवढेच तिला जाणून घ्यायचे होते. पण मुलीने तोंड उघडण्याची रीत नव्हती. त्या काळजीने तिचा चेहरा उतरला होता आणि मला तिची फार दया येत होती.

त्यात नेमका सकाळीच श्रीखंडात वेलची की जायफळ, यावरून तिची आई सुहासिनीबाई आणि कुंदाआत्या यांची जुंपली आणि दोघींनी अबोला धरला. सुहासिनीबाईंनी शेवटी नणंदेचे मन राखायला मला गुपचूप किसले. त्या पाणी भरायला गेल्या, तशी आत्या आली. वहिनीने हट्टाने जायफळ घातलेच नसणार, असे धरून तिने मला दामटून किसले. विचारायचे कुणी कुणाला? अबोला होता ना!

पाहुणे श्रीखंडावर तुटून पडले. मग मुलाचे वडील आरामखुर्चीत घोरू लागले, आई लोडाला टेकली ती टेकलीच, आणि मृणालिनीचे वडीलही पेंगले. स्वयंपाकघरात चव बघून बघून सुहासिनीबाई आणि आत्याही आडव्या झाल्या होत्या.

वाट्या उचलायला आलेली मृणालिनी दारातच थबकली. विद्याधर एकटा जागा होता.

"तुम्ही श्रीखंड नाही घेतलंत?"

"सर्दी झालीय. आईनं हात लावू दिला नाही," तो हसत म्हणाला. "वाचलो म्हणायचं!"

तिलाही हसू फुटले. मग तिने धीर केला. "एक विचारू? लग्नानंतर माझी शाळा?"

"तुम्हाला आवडतं शिकवायला?"

"खूप."

"मग सोडायची कशाला? पण आईचं मत वेगळं आहे, ते आत्ताच सांगतो. मी बोलेन तिच्याशी."

"कधी?"

"उठली की."

चहाच्या वेळी मुलाची आई दचकून उठली. पदर सावरत तिने ठेवणीतला प्रश्न काढला, "काय गं, लग्नानंतर नोकरी सोडशीलच ना?"

"नाही सोडणार, आई. आमचं ठरलंय," विद्याधर म्हणाला.

"ठरलंय? कधी?"

"तुझा डोळा लागला होता तेव्हा."

आरामखुर्चीतून त्याचे वडील म्हणाले, "अगं, मुलीच्या घरी दोन तास झोपा काढल्या आपण. आता कुठल्या तोंडाने नाही म्हणणार?" मग विद्याधरच्या आईलाही हसू आवरेना.

मित्रांनो, पुढे दोघींनीही मला किसल्याचे उघड झाले आणि सुहासिनीबाईंनी धास्तीने मला मसाल्याच्या डब्याच्या तळाशी दडपले. आता तिथे फारसे कुणी फिरकत नाही, याचे थोडे वाईट वाटते. म्हणून एवढेच सांगणे: मला घट्ट झाकणात जपा आणि किसताना हात आखडता घ्या. आणि मनात काही विचारायचे असेल, तर मोठी माणसे झोपायची वाट बघू नका. ती जागी असतानाच विचारा.