दसऱ्याची पाच काडतुसं

माह्याजवळची पाच काडतुसं माह्या बापाच्या वेळची होती, अन् मले त्यायचा लय गर्व होता. खोटं कायले बोलू? आंधळगावात रायफलीचं लायसन दोघातिघाजवळच, त्यात मी, वासुदेवराव. चौकात बसलो की फुकटचं ज्ञान वाटो. पितळ हिरवं पडलं त फेका, पिचकलं त फेका. चेंबरात, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, जे अलगद बसते तेच काडतूस खरं. लोकं माना हालवत, मी अजून फुगो.

दरसाल दसऱ्याले रायफलीची पूजा. माही बायको उषाबाई पाटावर लाल कपडा टाके, काडतुसं मांडे अन् हरेकाच्या बुडाले कुंकू लावे. एका साली तिनं नुसतं कोरडं कुंकू वाह्यलं त मी केवढा भडकलो! "कोरडी पूजा करतं का व? तेलात कालव, अन् वाहू दे चांगलं!" तवापासून ती बिचारी ओघळ येईपर्यंत तेल लावे. पुसत कोणीच नसे. देवाचं तेल पुसते का कोणी? पूजा झाली की मी ती तशीच एकेक चेंबरात बसवून पाहो.

औंदा दसरा झाला, धान पिवळं झालं अन् रानडुकरायनं शेतातल्या बांध्याच्या बांध्या लोळवल्या. वनखात्याची परवानगी काढली. माहा पोरगा विनोद म्हणे, "बाबा, भंडाऱ्याहून काडतुसायची नवी पेटी आणा. ह्या जुन्यायचा भरोसा नाई."

आणली. घरी एक बसवून पाह्यलं त बोल्ट, म्हणजे चेंबर बंद करणारा दांडा, मधातच अडला.

"पाह्यलं? हे आपल्या रायफलीचं नोहेच!"

"चेंबरात तेलाचा थर बसला असंन, बाबा. आंधी साफ करा."

"तू मले शिकवून राहिला? तुह्या जन्माआंधीपासून रायफल धरतो मी!"

बापाचं काडतूस तेलानं बुळबुळीत, सर्रकन बसलं. नवी पेटी कपाटात गेली. माह्यासमोर कोणाचंच चालत नसे.

सकाळी धुकं उठल्यावर आमी बांधीवर गेलो. विनोद त्या बाजूनं काठी आपटत डुकरं उठवत होता, मी बांधाच्या पाळीवर रायफल धरून. एक मोठा नर उठला. जंगलाकडे पळाचा त मुरदार विनोदवरच वळला. माह्यापासून वीस पावलं, पुरी आडवी बाजू. घोडा दाबला.

खट्ट.

बोल्ट ओढला, दुसरं. खट्ट.

"बाबा, मारा! मारा ना बाबा!"

तिसरं. चौथं. पाचवंई वाजलं नाई, अन् तोपर्यंत पोरगा खाली पडला होता. मी धावत जाऊन रायफलीच्या दस्त्यानं त्या डुकराले हाणलं, तवा ते पळालं. विनोदची मांडी फाटली होती. दुपट्टा आवळला, वरून दोन्ही हातानं दाबलं. भंडाऱ्याच्या रस्त्यानं ऑटोत तो मले म्हणे, "बाबा, थंडी वाजून राहिली." मोहाडी गाव मागं पडल्यावर रक्त आपोआप थांबलं. मले वाटलं, बरं झालं, थांबलं. मंग मी त्याच्या तोंडाकडे पाह्यलं.

पोलिसायनं रायफल जप्त केली. ठाण्यात हत्यारं दुरुस्त करणारा एक म्हातारा शिपाई होता. त्यानं माह्यासमोर काडतूस खोललं. बुडाच्या मधात तांब्याची बारीक टोपी असते, सुई तिच्यावर आपटली की आग लागते.

"काका, यायले तेल कोणं लावलं? टोपीच्या कडेनं आत झिरपलं. बारूद पार मेली."

मंग त्यानं चेंबरात चिंधी फिरवली. लालकाळा चिखल निंघाला, सालोसालचं कुंकू. नवं काडतूस टाकलं, अन् बोल्ट एका बोटानं लागला. विनोद म्हणे तसाच.

घरी आलो. उषाबाई दारातच उभी होती.

"काय म्हणे जी पोलीस?"

"काडतुसं जुनी होती म्हणे."

ती जवळ आली. पोरगा गेल्यापासून आठ दिवसात पह्यल्यांदा माह्या डोळ्यात पाहत म्हणे, "माह्या पूजेत त काही चुकलं नोयतं ना?"

पस्तीस वर्षं मी या बाईवर ओरडलो. भाजीत मीठ जास्त झालं तरी ताट ढकललं. अन् आता सगळी चूक माही होती, अन् तिले मी खरं सांगितलंच नोयतं.

"नाई व," म्हटलं. "तुह्यं काईच नाई चुकलं."

तिनं पदरानं डोळे पुसले. "मले त वाटलं जी, औंदा तेल कमी पडलं."