बंद केलं तरी चालू राहिलेला रेकॉर्डर

मी इस्लामपूरच्या नूरीनचा रेकॉर्डर बोलतोय. ती वर्तमानपत्रात बातमीदार आहे. सभा आणि भाषणं ऐकून ऐकून माझा स्वभाव संशयी झाला. माणसं माझ्यासमोर एक बोलतात आणि मला बंद केलं की भलतंच.

पण संशयात सांगलीच्या डॉक्टर भरतेशांनी मलाही मागं टाकलं. ते समुद्राचे शास्त्रज्ञ. समुद्र तापला की कोयनेच्या डोंगरात पाऊस वाढून कृष्णेला पूर कसा येऊ शकतो, हे ते अभ्यासतात. मागं कुणा बातमीदारानं त्यांच्या 'शक्यता आहे'चं 'सांगली बुडणार' करून छापलं. नदीकाठच्या लोकांनी घाबरून दुभती जनावरं विकली. तेव्हापासून ते बातमीदारांना चार हात लांब ठेवत. नूरीनला घरी बोलावलं खरं, पण माझ्या शेजारी त्यांनी आपलाही फोन रेकॉर्डिंगला लावला. मला फार अपमान वाटला.

मुलाखत संपली. "आता बंद करा," ते म्हणाले. त्यांनी फोन खिशात टाकला, नूरीननं माझं बटण दाबलं. मग ते हळूच बोलले, "आमी जाहीर केलेला समुद्राच्या तापमानाचा आकडा जास्त वाटतोय. समुद्रातलं एक यंत्र चुकतंय बहुतेक. तपासणी चाललीय. हे छापू नका."

तोच आकडा उद्याच्या बातमीचा मथळा होता. पहिल्या पानावरची नूरीनची ती पहिलीच बातमी.

मला उचलताना तिला माझा रेकॉर्डिंगचा लाल दिवा अजून चालू दिसला. बटण धुळीनं अडकलं होतं. आता ही मला गुपचूप पर्समध्ये टाकणार, याची मला खात्री होती.

तिनं मला त्यांच्यापुढं ठेवलं. "सर, ह्यो चालूच राहिला. चूक माझी हाय."

भरतेशांचा चेहरा उतरला. "तुमी सगळे सारखेच."

तिनं त्यांच्यादेखत ते बोलणं पुसलं. "हे छापणार न्हाई. पण आता तो आकडाबी छापणार न्हाई. बातमी गेली तर गेली."

भरतेश आत गेले. फोनवर आपल्या प्रमुखांशी त्यांचा वाद झालेला ऐकू आला. परत आल्यावर म्हणाले, "लावा ह्याला. समुद्र तापतोय हे नक्की. किती, ते आमी पुन्हा तपासतोय. माझ्या नावानं छापा." या वेळी त्यांचा फोन खिशातच राहिला.

बातमी आतल्या पानावर आली. तपासलेला आकडा हाती आला, तेव्हा भरतेशांनी पहिला फोन नूरीनला केला.

आता माझी बॅटरी फुगली आहे. मी तिच्या खणात पडून असतो, आणि संशय अजून गेलेला नाही. एवढंच सांगतो, माझ्यासमोर बोलताना लाल दिव्याकडं बघाच. पण त्याआधी मला धरणाऱ्या माणसाकडं बघा.