गौहरआपाचा डावा कान

कुंभार पिंपळगावात गौहरआपा लहान मुलांना कुराणासाठी अरबी वाचायला शिकवते. वीस मुलं एकाच वेळी आपापला वेगळा धडा मोठ्यानं म्हणतात आणि त्या कालव्यातून ती नेमकी चूक पकडते. मी तिची शेजारीण, दैवशाला, निवृत्त नर्स. त्या गोंगाटानं माझं डोकं उठायचं, पण तिच्या कानांचं मला कौतुक होतं.

ऑगस्टात सलग चार दिवस डावीकडच्या मुलांची एकही चूक निघाली नाही. आपानं खूश होऊन खजूर वाटले. तिचा डावा कान गच्च झाला होता, पण सर्दी असेल म्हणून तिनं त्यात कोमट तेल घातलं. पाचव्या दिवशी मी त्या बाजूनं हाक मारली, तर तिनं मानही वळवली नाही. मला आम्हा दोघींचाही राग आला, कारण नर्स असून मीही काही शंका न घेता ते खजूर मिटक्या मारत खाल्ले होते.

संभाजीनगरच्या डॉक्टरांनी तपासलं. आतल्या कानाचं ऐकणं अचानक गेलं होतं. स्टिरॉईड हा नेहमीचा इलाज, पण मागे दम्यासाठी त्याच गोळ्या घेतल्यावर आपाची साखर साडेपाचशेवर गेली होती आणि ती आठवडाभर आयसीयूत होती. कानात द्यायचं इंजेक्शनही स्टिरॉईडचंच, म्हटल्यावर तिनं हात जोडले.

"मग दुसरं काय?" मी विचारलं.

"ऑक्सिजनचं चेंबर. लवकर केलं तर काहींना फायदा होतो, खात्री नाही. व्हिटॅमिनच्या, रक्तपुरवठ्याच्या गोळ्याही देतात, पण त्यांचा पुरावा कच्चा आहे."

आपा तिथंच, संभाजीनगरात, बहिणीकडं राहिली. ऑक्सिजनमध्ये आगीचा धोका असतो, म्हणून वीस दिवस डोक्याला तेल न लावता, सुती कपड्यांत, रोज दीड तास त्या चेंबरमध्ये पडून राहिली. शेवटच्या तपासणीत ऐकणं बरंच सुधारलेलं निघालं. चेंबरमुळं की आपोआप, हे डॉक्टरांनाही सांगता येईना.

घरी आल्यावर ती म्हणाली, "बाई, माझ्या कानातून चूक सुटली अन् लेकरानं तशीच पाठ केली, तर गुन्हा माझ्या डोक्यावर. बराबर ऐकू येत नसंल तर शिकवणं बंद."

मग परीक्षा ठरली. नऊ वर्षांची सबा डावीकडं बसणार आणि मुद्दाम चुका करणार. "कुराणात जाणूनबुजून चूक करायची न्हाई, नुसती अक्षरं म्हण," आपानं तिला बजावलं. मी सबाला बाजूला घेऊन तीन चुका करायला सांगितलं. बाकीची मुलं नेहमीसारखी ओरडत होती. आपानं डोळे मिटले आणि दोन चुका पकडल्या.

"किती होत्या?"

"दोनच, आपा," सबा चटकन म्हणाली. माझ्याकडं मात्र बघेना.

आपाचा चेहरा असा फुलला की मला गप्प बसावंसं वाटलं. मी गप्प बसणारी बाई नाही, पण त्या दिवशी बोलणं फार जड गेलं.

"तीन होत्या, आपा."

मग तिनं मुलांना शांत केलं.

"उद्यापासून एकेकानं म्हणायचं. बाकीच्यांनी ध्यान देऊन ऐकायचं. माझ्याकडून चूक सुटली तर तुमी पकडायची." तिनं सबाला जवळ ओढलं. "अन् तू, माझ्यावर दया करायची न्हाई."

सबा रडायला लागली, तशी आपाही रडली.