सात मात्रा

मित्रांनो, मी एक जुनी लाल पेन्सिल आहे. आता जेमतेम बोटभर उरले आहे, पण एके काळी माझा तोरा काय वर्णावा!

कविता शिकवण्यात जन्म घालवलेल्या एका मास्तरांच्या खिशात मी राहत असे. लघू-गुरूच्या खुणा करायच्या, यमकाखाली रेघ मारायची, परत परत येणाऱ्या ओळीला चौकट घालायची, हे माझे काम. चुकलेली मात्रा मास्तरांच्या कानातून सुटत नसे. लोक मला वचकून असत आणि मी फुगून जात असे.

मग खाण कोसळली. सात माणसे गेली. त्यातल्या एकाच्या आईने त्या दिवसाची कहाणी कवितेत रचली. तिला लिहिता येत नव्हते. तिने सांगितली, लेकीने उतरवून घेतली. खाणीच्या तोंडाशी ती दगडावर कोरायचे ठरले आणि त्याआधी कागद तपासायला मास्तरांकडे आला.

दर कडव्याला "दोर ओढ रे, दोर ओढ रे" ही ओळ येत होती. मास्तर बोटांवर मात्रा मोजत म्हणाले, "आठ आणि आठ. दोर ओढणाऱ्यांची धापच आहे ही! आणि बाई शाळेत गेलेली नाही म्हणे." त्यांचे डोळे भरून आले. मग शेवटचे कडवे आले.

सुतार गेला, काळ्या गेला,
दादा गेला, भाचा गेला,
चुलता गेला, मामा गेला, मुका गेला.

"सात मात्रा जास्त. बिचारीची ओळ सांडली," मास्तर म्हणाले. मी शेवटचे दोन शब्द खोडले. कोणाला विचारले मात्र नाही.

दगड उभा राहिला. लेक वाचू लागली, तशी आई एकेक बोट मिटू लागली. सहा बोटे मिटली.

"पुढे वाच की."

"संपलं, आई."

मास्तर चाचरत म्हणाले, "मावशी, सात मात्रा जास्त होत्या."

"मात्रा कसल्या, मास्तर? माझा मुलगा होता तो. बाकीचे जोडीजोडीने सापडले, हा एकटाच. म्हणून ओळीतही एकटाच ठेवला. बोलता येत नव्हतं, म्हणून जन्मभर कुणी त्याला मोजलं नाही. इथं तरी मोजायचा होता."

दगडावर आणखी कोरायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवसापासून मास्तर रोज तिथे जात आणि शेवटच्या ओळीखालच्या चिंचोळ्या पट्टीत माझ्या टोकाने लिहीत, "मुका गेला." वाऱ्याने, धुळीने, पावसाने ते पुसले जाई. ते पुन्हा लिहीत. मला झिजताना दुखले नाही. खोडताना झालेला आनंद आठवला की अजून दुखते.

मास्तर गेले. मी दगडाच्या फटीत पडून आहे आणि ते दोन शब्द पुरते पुसले आहेत. मित्रांनो, कधी इकडे आलात तर मला उचला. अजून चार-पाच वेळा लिहिण्याइतकी मी उरले आहे.